छोटा मिररलेस कॅमेरा: पहिले आठवडे आणि सोबतचे सामान

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा घेतल्यावर अनेकजण पहिल्याच महिन्यात आणखी दोन लेन्स, ट्रायपॉड आणि हे सारे मावेल अशी भलीमोठी सॅक घेतात. मग ती सॅक उचलायचा कंटाळा येतो आणि कॅमेरा कपाटातच राहतो. छोटा कॅमेरा घ्यायचा तो सहज सोबत नेता यावा म्हणून, तेव्हा सामानही त्याच बेताने ठेवावे. सोनीचा २०१९ साली आलेला ए६४०० उदाहरणादाखल घेऊ. बॅटरी व कार्डासह त्याचे वजन ४०३ ग्रॅम आहे आणि त्याच्या किटमधील १६-५० मिलिमीटरची लेन्स ११६ ग्रॅमची आहे. या वर्गातील इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनाही पुढील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

सुरुवातीला ही एकच लेन्स पुरे. कार्ड संगणकात नव्हे, तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) व जेपेग (नेहमीची तयार फाइल) अशा दोन्ही स्वरूपांत साठवावेत. मोड डायल ऑटोवरून ‘ए’वर, म्हणजे ॲपर्चर प्रायॉरिटीवर आणावी, यात ॲपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाश आत घेणारे छिद्र, आपण ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा निवडतो. ऑटो आयएसओची (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) मर्यादा १०० ते ६४०० ठेवून किमान शटर स्पीड १/१२५ सेकंद केला की हात हलल्यामुळे फोटो धूसर येण्याचे प्रमाण बरेच घटते. मुले पळत असतील, तर तो १/५०० करावा. मॅन्युअल मोडची घाई करू नये. तो वापरला म्हणजेच फोटोग्राफी येते, हा समज मला तरी पटत नाही.

त्याऐवजी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करण्याचा सराव करावा. पावसाळ्यात लोहगडावर धुके दाटले की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर त्या पांढऱ्या पसाऱ्याला मध्यम करडा करू पाहतो आणि फोटो मळकट येतो. अशा वेळी +०.७ किंवा +१ केले की धुके पुन्हा धुक्यासारखे दिसते. उलट ओल्या, काळ्या कातळाने चौकट भरली असेल, तर उणे बाजूला जावे, नाहीतर कातळ राखाडी होतो. मिररलेसमध्ये हा फरक शटर दाबण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) दिसतो, त्यामुळे नवशिक्याला यासारखा दुसरा शिक्षक नाही.

मात्र, स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू राहत असल्याने बॅटरी लवकर उतरते. ए६४००ची एक बॅटरी प्रमाणित चाचणीनुसार स्क्रीनवर साधारण ४१० आणि व्ह्यूफाइंडरवर ३६० फोटो देते, तेव्हा दिवसभराच्या भटकंतीला एक जादा बॅटरी हवीच. ती सुट्या नाण्यांसोबत खिशात टाकू नये. टोके झाकणारी टोपी घालून ठेवावी. विमानप्रवासात जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात.

वेगळी कॅमेरा बॅग लगेच घेण्याची गरज नाही. नेहमीच्या सॅकमध्ये बसणारा फोमचा कप्पा पुरतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला आत कॅमेरा आहे हे कळतही नाही. कॅमेरा लेन्स लावलेल्या स्थितीतच, पकड वरच्या बाजूला येईल असा ठेवावा. पाण्याची बाटली त्याच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. चालताना पट्टा गळ्यात न अडकवता खांद्यावरून तिरका घ्यावा, म्हणजे कॅमेरा कमरेपाशी राहतो आणि मानही दुखत नाही. पट्टा बकलमधून ओवल्यावर त्याचे टोक दोन-तीन सेंटिमीटर बाहेर राहू द्यावे. लोकलमध्ये सॅक पुढे घ्यावी.

लेन्स बदलताना कॅमेरा आधी बंद करावा, कारण प्रकाश टिपणाऱ्या चालू सेन्सरकडे धूळ ओढली जाऊ शकते. दुसऱ्या लेन्सचे मागचे झाकण सैल करून ती हाताशी ठेवावी, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे वळवावे, पहिली लेन्स काढावी आणि ठिपक्याशी ठिपका जुळवून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दुसरी फिरवावी. आरसा नसल्यामुळे सेन्सर उघडाच असतो, त्यावर बोट लावू नये. समुद्रकिनाऱ्यावर, वाऱ्यात लेन्स बदलण्याचा मोह टाळलेलाच बरा.

आपल्याकडे खरा शत्रू दमटपणा आहे. माझी एक लेन्स चामड्याच्या पाकिटात घालून एक अख्खा पावसाळा कपाटात राहिली. बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे बारीक तंतू पसरले होते. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओल शोषणारे सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणाऱ्या छोट्या हायग्रोमीटरसह ठेवाव्यात आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. सिलिका जेलचे नारंगी दाणे हिरवे झाले की ते गरम करून पुन्हा कोरडे करता येतात; त्यासाठी स्वयंपाकाची कढई मात्र वापरू नये.