काटा अडला, कंबर उतरली

वजन उतरवायला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर रोज पाऊण तास चालायचे, भात एकदाच, पाव बंद. (पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजला की जीव कासावीस व्हायचा, ते वेगळं.) तरी सहा आठवड्यांत जेमतेम दीड किलो! रोज सकाळी वजन करून दिवसभर तोंड पाडून बसायचे.

मग लक्षात आलं, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, खाल्ली की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर. ते मिठाने धरलेलं पाणी. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, एका रात्रीत कुठून चढणार?

आता वजन फक्त रविवारी, सोबत कमरेला शिंप्याची टेप. कंबर ४ सेंटीमीटर कमी निघाली. आल्तिनो टेकडीचा चढही न थांबता चढते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मात्र सोडल्या नाहीत.