एक्सप्रेसवेवर गाडी टो करताना आधी स्वतःचा जीव

ताशी १०० किमीने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. मागे वळून बघेपर्यंत ती अंगावर आलेली असते.

टोइंग व्हॅन लेनबाहेरच्या डावीकडच्या पट्टीवर जमेल तितकी कडेला घ्या, पुढची चाकं डावीकडे वळवा. मागून धडक बसली तर गाडी लेनमध्ये जाण्याची शक्यता कमी होते. पिवळा बीकन (छतावरचा इशाऱ्याचा दिवा) लावा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेटची चेन बंद करा. उघडं जॅकेट नीट दिसत नाही.

ट्रॅफिक कोन (इशाऱ्याचे शंकू) ठेवायला रेलिंगपलीकडून मागे चालत जा, तोंड वाहतुकीकडे. पहिला कोन किमान १०० मीटरवर, बाकीचे तिथून गाडीपर्यंत तिरप्या ओळीत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बोरघाटातल्या वळणावर मात्र अंतर मोजू नका, वळणाच्या अलीकडे ठेवा. पावसाळ्यातल्या धुक्यात तर आणखी मागे.

विंच (वायररोप गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) नेहमी डाव्या बाजूने चालवा. उजवीकडे उभं राहणं म्हणजे लेनमध्येच उभं राहणं. हुक पक्का बसून वायररोप ताणला जाईपर्यंत बंद गाडीचा हँडब्रेक आणि चाकामागचे ठोकळे काढायचे नाहीत. ताणलेल्या वायररोपवर ओलं गोणपाट टाका. रोप तुटलाच तर फटका कमी बसतो. प्रवासी रेलिंगपलीकडे, गाडीत कुणीच नको. जागा फारच अरुंद असेल तर ११२ लावून पोलिसांकडून लेन बंद करून घ्या, तोवर हात लावू नका.