क्लिनिकल डेटा मॅनेजमेंट शिकायचंय? आधी एक सरावाचा ट्रायल उभा करा

क्लिनिकल डेटा मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांचा (ट्रायल) डेटा गोळा करून तपासण्याच्या कामात, येऊ पाहणाऱ्या जवळपास प्रत्येकाची सुरुवातीची अडचण सारखीच असते. नोकरीच्या जाहिरातीत ईडीसी प्रणालीचा (हा डेटा संगणकावर भरण्याचं सॉफ्टवेअर) अनुभव मागितलेला असतो, आणि मोठ्या कंपन्या वापरतात त्या व्यावसायिक प्रणाली नोकरी लागल्याशिवाय हाताळायला मिळत नाहीत. मी फार्मसी शिकून या क्षेत्रात आले तेव्हा ही कोंडी ओपन सोर्स, म्हणजे आज्ञावली सर्वांना खुली असलेल्या, सॉफ्टवेअरमुळे फुटली. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी आधी एकच सांगते: आपल्या संगणकावर एक ईडीसी बसवा आणि त्यात सरावाचा एक छोटा ट्रायल प्रोटोकॉलपासून (चाचणीचा आराखडा) डेटाबेस लॉकपर्यंत (डेटा बदलांसाठी बंद करणं) चालवून पाहा.

त्यासाठी मी लिब्रेक्लिनिका ही ओपन सोर्स ईडीसी सुचवते. ओपनक्लिनिका या दुसऱ्या ईडीसीच्या तिसऱ्या मालिकेतल्या कम्युनिटी आवृत्तीवरून ती पुढे आली. परवाना एलजीपीएल (एक ओपन सोर्स परवाना), आज्ञावली जावातली, सर्व्हर टॉमकॅट आणि डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल. रेडकॅप या ईडीसीचं नाव तुमच्या कानावर आलेलं असेलच. व्हँडरबिल्ट विद्यापीठात 2004 मध्ये सुरू झालेली ही प्रणाली उत्तम आहे आणि ना-नफा संस्थांना मोफत मिळते, पण ती ओपन सोर्स नाही. संस्थेला विद्यापीठाशी करार करावा लागतो. तुमच्या महाविद्यालयात किंवा रुग्णालयात ती असेल तर जरूर वापरा. एकट्याने शिकणाऱ्याला मात्र तो रस्ता बंद आहे.

सरावासाठी विषय साधा घ्या. रक्तदाबाचं एखादं औषध, दोन साइट (चाचणी चालते ती रुग्णालयं), तीन व्हिजिट, मोजके काल्पनिक सहभागी. खऱ्या रुग्णांची माहिती, अगदी नावं काढून टाकलेली असली तरीही, सरावाला वापरायची नाही. सीआरएफ, म्हणजे प्रत्येक सहभागीची माहिती भरण्याचा फॉर्म, आधी कागदावर काढा आणि प्रत्येक प्रश्नापुढे विचारा: या उत्तराचं विश्लेषणात काय होणार? ज्याचं काहीच होणार नाही तो प्रश्न काढून टाका. मग सीआरएफ एक्सेलच्या साच्यात भरायचा: विभाग एका शीटवर, प्रश्न दुसऱ्यावर, आणि प्रत्येक प्रश्नाचा डेटा प्रकार, पर्याय, मर्यादा त्याच्या ओळीत. प्रश्नांची नावं आणि पर्यायांचे कोड मनाने ठरवू नका. सीडिस्क या डेटा मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, डेटा गोळा करण्यासाठीचं सीडॅश मानक बघा, म्हणजे पुढे एसडीटीएम या डेटा सादर करण्याच्या मानकात जाताना अर्धं काम झालेलं असतं.

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण पुढचे बहुतेक घोळ इथेच जन्मतात. रक्तातली साखर एक प्रयोगशाळा मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देते, दुसरी मिलीमोल प्रति लिटरमध्ये. 90 आणि 5 हे दोन आकडे एकाच पातळीचे आहेत, पण एककाचा रकाना नसेल तर आकडेवारी काढणाऱ्याला 5 दिसल्यावर काय वाटेल? तसंच रिकाम्या रकान्याचं. चाचणी केलीच नाही, केली पण निकाल हरवला, किंवा प्रश्न त्या व्यक्तीला लागूच नाही, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. फॉर्ममध्ये त्या वेगळ्या केल्या नाहीत तर नंतर कोणीही त्या वेगळ्या करू शकत नाही.

मग एडिट चेक, म्हणजे चुकीची नोंद पकडणारे नियम. रक्तदाबाचा डायस्टोलिक (खालचा) आकडा सिस्टोलिकपेक्षा (वरच्यापेक्षा) कमी हवा, व्हिजिटची तारीख संमतीच्या तारखेआधीची नको, असे नियम लिहा आणि मुद्दाम चुकीचा डेटा भरून प्रत्येक नियम पेटतो का ते तपासा. बरोबर डेटावर तो गप्प राहतो का, हेही तितकंच महत्त्वाचं. अनावश्यक क्वेरींचा, म्हणजे नोंदीबद्दल साइटला विचारलेल्या प्रश्नांचा, पाऊस पडला की साइटवरची माणसं वैतागून खऱ्या क्वेरीकडेही दुर्लक्ष करतात.

क्वेरी लिहिणं ही या कामातली खरी कला, असं माझं ठाम मत आहे. सिस्टोलिक 80 आणि डायस्टोलिक 120 दिसलं की हात शिवशिवतो: उलटं लिहिलंय, बदला! पण डेटा मॅनेजर रुग्णासमोर नव्हता. ‘आकडे अदलाबदल करावेत’ असं लिहिणं म्हणजे उत्तर साइटच्या तोंडी घालणं. ‘सिस्टोलिक 80 व डायस्टोलिक 120 अशी नोंद आहे. कृपया मूळ कागदपत्रांशी पडताळून नोंद कायम करावी किंवा दुरुस्त करावी,’ एवढंच लिहायचं. आपण विचारायचं, दुरुस्ती साइटनेच करायची.

आता ओपन सोर्सचा सर्वांत मोठा फायदा. एखादा आकडा बदला, कारण नोंदवा आणि थेट पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये जाऊन ऑडिट लॉगचा तक्ता उघडा. जुनी किंमत, नवी किंमत, कोणी बदललं, केव्हा, कशासाठी, सगळं ओळीने दिसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचा 1997 पासून लागू असलेला 21 सीएफआर पार्ट 11 हा नियम हेच मागतो: बदलाची नोंद संगणकाने आपोआप, वेळेसह करावी आणि आधीची माहिती झाकली जाऊ नये. व्यावसायिक प्रणालीत तुम्हाला यातला फक्त पडदा दिसतो.

मात्र ‘हे सॉफ्टवेअर पार्ट 11 प्रमाणे आहे’ एवढ्यावर विसंबू नका. ओपन सोर्स असो वा विकतचं, ते तुमच्या सर्व्हरवर, तुमच्या पद्धतीने ठरल्याप्रमाणे चालतं याचा लेखी पुरावा वापरणाऱ्या संस्थेलाच तयार करावा लागतो. सरावातही चाचणीचे टप्पे, अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल लिहून ठेवा. बॅकअप घेऊन तो परत चढवून बघा. परवान्याचे पैसे वाचतात, पण सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतंच. ओपन सोर्स म्हणजे फुकट असं समजणाऱ्या संस्था नेमक्या इथे अडतात.

शेवटी डेटा ओडीएम या एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढा आणि आर या आकडेवारीच्या संगणकीय भाषेत वाचा. आर शिकण्यात घातलेला वेळ वाया जात नाही. औषध कंपन्यांनी मिळून उभं केलेलं फार्माव्हर्स या ओपन सोर्स साधनसंग्रहाचं काम त्याच भाषेत चालतं. प्रतिकूल घटनांच्या (चाचणीदरम्यान सहभागींना झालेले त्रास) कोडिंगसाठी मेडड्रा हा वैद्यकीय संज्ञांचा कोश लागतो, त्याला वेगळा परवाना असतो, म्हणून सरावात ते सोडलं तरी चालेल. सगळ्या क्वेरी बंद झाल्या, गंभीर प्रतिकूल घटनांचा सुरक्षा नोंदींशी मेळ लागला, की लॉक.

मुलाखतीला जाताना या ट्रायलची डेटा मॅनेजमेंट योजना, एडिट चेकची यादी आणि चाचणीच्या नोंदी सोबत ठेवा. पडद्याची चित्रं नेलीत तर मूळ एक्सेल साचाही न्या, कारण बहुतेक प्रश्न त्यावरूनच निघतात.