लोडर उचलत नाही? पंप उघडायच्या आधी हे बघा

मे महिन्यात शेणखत भरायची घाई, आणि नेमका तेव्हाच लोडर जड पडतो. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर पुढं-मागं हलवून दाब सोडा आणि हायड्रॉलिक तेलाची, म्हणजे ज्याच्या दाबानं बकेट उचलते त्या तेलाची, डिपस्टिक (तेल बघायची पट्टी) काढा. तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय, बदलावंच लागतं. फेस दिसला तर सक्शन पाइप (टाकीतून पंपाकडे तेल नेणारा) हवा ओढतोय; क्लिप आणि ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) तपासा. आपल्या मराठवाड्यातली उन्हाळ्याची धूळ सोपी नाही, त्यामुळे फिल्टरही बघाच.

सकाळी नीट उचलतो, दुपारी तेल तापलं की दम सोडतो? मग पंप झिजल्याचा संशय घ्या. लिव्हर न्यूट्रलला असूनही भरलेली बकेट हळूहळू खाली बसते तेव्हा दोष सिलिंडरच्या सीलात किंवा व्हॉल्व्हमध्ये.

कळकळीनं सांगतो, गळती बोटानं चाचपू नका. बारीक छिद्रातून दाबानं येणारं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. तेल घुसलंच तर दुखायची वाट न बघता लगेच मोठा दवाखाना गाठा.