मेळघाटात पायवाट बांधणाऱ्या टोळीच्या मुकादमासाठी

मेळघाटातल्या गाविलगड डोंगररांगेतल्या कुठल्याही गावात पायवाटेचं काम काढलं, की टोळीतले निम्मे लोक समतल चराच्या (पाणी अडवायला उताराला आडव्या, एकाच पातळीत खोदलेल्या चराच्या) कामावर घडलेले असतात. हात तयार असतो, ए-फ्रेम (समपातळी काढायची, ओळंबा लावलेली ए आकाराची चौकट) कशी धरायची हे सांगावं लागत नाही. वरूड तालुका २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्याच वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत होता. तेव्हापासून अमरावती जिल्ह्यात हायड्रोमार्कर (समपातळी आखायचं साधन) पाहिलेली माणसंही गावोगाव सापडतात. पण चराच्या कामात पाणी अडवायचं असतं, आणि पायवाटेवर ते लगेच सोडून द्यायचं असतं. चर खोदणारा माणूस निघालेली माती सवयीने उताराकडच्या काठावर रचतो, थापून बांध घालतो. पायवाटेवर हाच बांध घात करतो. पाणी बाहेर पडू शकत नाही, आषाढात ते वाटेवरूनच धावतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा नाला होतो. पहिल्या सकाळी टोळीला सगळ्यात आधी हे दाखवा. तोंडी सांगून भागत नाही. दोन मीटर वाट बांधासकट आणि दोन मीटर बांधाशिवाय करा, दोन्हींवर घागरभर पाणी ओता. पुढचे दोन महिने वाद उरत नाही.

हंगाम कोणता

दिवाळीनंतर सोयाबीनची कापणी उरकून माणसं गावात परततात. तिथून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ तुमचा. मुरमात पावसाळ्याची ओल असते, कुदळ आत जाते, ठोकलेली माती बसते. त्यानंतर एकेक अडचण सुरू होते. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो, हरभरा-गव्हाच्या कापणीला टोळ्या खाली मैदानात उतरतात, मग होळी, मग मोहफुलं, मग तेंदूपान. इथल्या कोरकू आदिवासींसाठी होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे. फगव्याच्या (होळीनंतर घरोघर वर्गणी मागायच्या) दिवसांत टोळी कामावर येईल अशी अपेक्षाच ठेवू नका. उलट होळीच्या बाजाराआधी सगळ्यांचा हिशेब चुकता झाला पाहिजे, हे कामाच्या वेळापत्रकातच लिहून ठेवा.

सुट्टी रविवारी नको, आठवडी बाजाराच्या दिवशी द्या. तुम्ही नाही दिलीत तरी माणसं घेणारच, कारण तेल-मीठ आणायला दुसरा दिवस नसतो. मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडली तर पुढच्या आठवड्यात टोळी फुटत नाही.

परवानगीचं काम दिवाळीच्या आधीच संपवा. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. गाभा क्षेत्रात वनखात्याच्या आदेशाशिवाय कुदळ उचलायची नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या जंगलात ग्रामसभेचा ठराव हवा. जमीन कुणाच्याही ताब्यातली असो, आखणी पक्की होण्याआधी बीटचा वनरक्षक आणि गावातले गुराखी या दोघांना सोबत घेऊन ती चालून बघा. देवाची जागा, मधाचं झाड, अस्वलाची गुहा, उन्हाळ्यात टिकणारा झिरा हे नकाशावर नसतं, गुराख्याला ठाऊक असतं.

आखणी: मुकादमाचं खरं काम इथे

खुदाईला दहा-बारा माणसं लागतात. आखणीला तीन पुरतात, पण वाट टिकणार की नाही हे तिथेच ठरतं. पूर्ण वाट खुंट्या मारून झाल्याशिवाय खोदायला सुरुवात करू नका. पुढे काय येतं ते न बघता खोदत गेलं की शेवटी कड्याखाली अडकून पंचवीस टक्के चढ घ्यावा लागतो, आणि तो तुकडा दर वर्षी वाहून जातो.

आधी अटळ जागा धरा: खिंड, नाला ओलांडायची जागा, टाळायचा कडा, टाळायची काळ्या मातीची पट्टी. मग दोन जागांमधला चढ काढा. सरासरी आठ टक्के (शंभर मीटर अंतराला आठ मीटर चढ) उत्तम, दहाच्या वर नको. पंधरा टक्के फक्त दहा-बारा मीटरच्या तुकड्यात, आणि तिथे दगडी पायऱ्या धरूनच चला. दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर वीस टक्के उतरत असेल तर वाट दहाच्या आत. हे मोडलं की पाण्याला डोंगर उतरण्यापेक्षा वाट उतरणं सोपं पडतं. म्हणूनच सौम्य उतारावर सरळ वर चढवलेली वाट दिसायला निरुपद्रवी वाटते आणि सगळ्यात आधी खचते.

ए-फ्रेम चढासाठी अशी वापरा. दोन पायांमधलं अंतर बरोबर २ मीटर ठेवा. आधी नेहमीसारखी पाय पालटून मधली खूण पक्की करा. मग एका पायाच्या तळाला १६ सेंटीमीटर उंचीचा ठोकळा घट्ट बांधा. आता ओळंबा मधल्या खुणेवर आला की जमीन आठ टक्के उतरते आहे. दहा टक्क्यांना ठोकळा २० सेंटीमीटरचा. ठोकळ्याचा पाय कायम खालच्या बाजूला राहिला पाहिजे. चराच्या कामात फ्रेम गोल फिरवत पुढे नेतात; इथे तशी फिरवली तर एक पाऊल उतार आणि एक पाऊल चढ अशी वाट होते. त्या पायाला लाल चिंधी बांधा, म्हणजे ती फिरली की लगेच दिसते.

खुंट्या पाच-पाच मीटरवर, वाटेच्या मध्यावर नाही तर वरच्या काठावर मारा, कारण मध्यावरच्या खुंट्या खोदताना पहिल्या तासात उपटल्या जातात. चुना फक्कीने टाकू नका, दवाने आणि गुरांच्या खुरांनी दोन दिवसांत जातो.

उतरत्या वाटेला मध्येच दोन-तीन मीटर किंचित वर उचलायचं, म्हणजे तिच्या आधी एक बसकी जागा तयार होते आणि तिथून पाणी खाली दरीकडे निघून जातं. याला उलटा चढ म्हणू. पाच टक्के वाटेवर असे उलटे चढ साधारण पंचवीस मीटरवर, आठ टक्क्यांवर पंधरावर, बारा टक्क्यांवर आठ-दहावर घ्या. मुरूम भुसभुशीत असेल तर अंतर आणखी कमी. हे आखणीतच बसवा. नंतर वाटेत आडवं लाकूड टाकून पाणी काढता येईल असं समजू नका. लाकूड वाळवी खाते, बैल त्याला वळसा घालून जातात, आणि त्या वळशातूनच नवी घळ पडते.

खुदाई

टोळी बारा ते चौदा जणांची बरी. दोघं पुढे झाडोरा काढायला, पाच-सहा जण खोदायला, तीन-चार दगडावर, एक जण मागून तासून घ्यायला आणि एक पाणी-स्वयंपाकाला. तासणारा माणूस टोळीतला सगळ्यात चोखंदळ निवडा. त्याच्या हातून गेल्याशिवाय कुठलाही तुकडा पूर्ण धरायचा नाही.

हत्यारं: कुदळी चार, टिकास दोन, पावडी पाच, सब्बल दोन लांब आणि एक आखूड, घन एक, चार किलोचा हातोडा एक, छन्न्या, विळे, कुऱ्हाड, घमेली सहा, धुम्मस (माती ठोकायचं जड हत्यार) दोन, लोखंडी दाताळं एक. दांडे निम्म्याहून जास्त जादा घ्या. जानेवारीत दांडा मोडला आणि बाजार चार दिवसांवर असला की एक माणूस बसून राहतो. घनाचा दांडा ढिला नाही ना, हे रोज सकाळी मुकादमाने स्वतः बघायचं.

झाडोरा दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच मोकळा करा. रायमुनिया (घाणेरी) वरून छाटलीत तर श्रावणात दुप्पट येते. जमिनीखाली मुळाच्या गाठीशी तोडून उपटावी लागते. सागाची मुळं तोडण्यापेक्षा वाट हातभर सरकवा.

वाटेची रुंदी ९० सेंटीमीटर. ती पूर्ण डोंगर कापून करायची. निम्मं कापून निम्मं भरावावर घेतलेली वाट पहिल्या वर्षी छान दिसते, दुसऱ्या वर्षी बाहेरचा काठ बसतो आणि चालणारे आतल्या बाजूला चिकटू लागतात. निघालेली माती घमेल्याने दूर खाली पसरून टाका, काठावर तिचा कणही उरू नये. वाटेला बाहेरच्या बाजूला पाच टक्के कल द्या, म्हणजे ९० सेंटीमीटरला साडेचार सेंटीमीटर. वरची कापलेली भिंत उभी ठेवू नका, तिरकी तासा, नाहीतर पहिल्या पावसात ढासळून बाहेरचा कलच बुजतो. शेवटी मातीत ओल असतानाच धुम्मसाने ठोका. कोरडा मुरूम कितीही ठोकला तरी पीठच राहतो.

कामाचा अंदाज असा बांधा. तीस टक्के उतारावर मीटरभर वाटेला साधारण ०.१५ घनमीटर माती निघते, पन्नास टक्क्यांवर त्याच्या दुप्पट. दगड, मुळं आणि तासणं धरून एका माणसाकडून पहिल्या प्रकारात दिवसाला सहा-आठ मीटर, दुसऱ्यात तीन-चार मीटर. याहून जास्त होत असेल तर काहीतरी सुटतंय, बहुतेक वेळा वरच्या भिंतीचा कल. म्हणूनच मीटरवर ठेका देऊ नका, रोजाने काम करून घ्या. ठेक्यात रुंदी नव्वदची सत्तर होते आणि माती काठावरच राहते. बायकांना आणि पुरुषांना एकच रोज. दगड रचण्यात इथल्या बायकांचा हात पुष्कळदा जास्त बसलेला असतो, त्यांना फक्त घमेल्यावर ठेवणं हे टोळीचं नुकसान आहे. मजुरांची लहान मुलं येणारच, त्यांच्यासाठी सावली आणि एक माणूस धरून चला.

दगडाचं काम

इथला खडक काळा बेसाल्ट. उघड्यावर पडलेला दगड थराथराने झिजून गोल झालेला असतो, आणि गोल गोटा भिंतीत टिकत नाही. घनाने फोडून निदान दोन सपाट बाजू काढा. फुटताना बेसाल्टच्या चिपा काचेसारख्या उडतात, त्यामुळे फोडणाऱ्याला आणि त्याच्या मदतनिसाला चष्मा आणि बंद बूट हवेतच. चपलेवर कुणी घन उचलायचा नाही. बूट टोळीने द्यायचे, मजुरीतून कापायचे नाहीत.

खालच्या काठाची कोरडी (चुना-सिमेंट न वापरता रचलेली) भिंत पक्क्या मुरमात वीत-दीड वीत खोल पाया घेऊन उभी करा, दर चार फूट उंचीला एक फूट डोंगराकडे झुकवा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, दगडाची लांबी भिंतीच्या आत जाऊ द्या. पाठीमागे लहान दगड हाताने बसवून भरा; मागे माती भरली की ती फुगून भिंत पुढे ढकलते. दगड गोळा करण्यासकट दोघांची जोडी दिवसाला एक-दीड चौरस मीटर भिंत करते. पायऱ्या खालून वर लावा. उंची १५ ते २० सेंटीमीटर, वरचा दगड खालच्याच्या पाठीवर बसलेला, आणि कडेला मोठे दगड, नाहीतर लोक पायरी सोडून बाजूच्या मातीवरून चालतात.

नाला ओलांडताना वाट दोन्ही बाजूंनी नाल्यात उतरलेली हवी. एका बाजूने सरळ उतरत गेलेली वाट पुराचं पाणी आपल्यावर ओढून घेते. रपट्याला (नाल्याच्या तळातल्या दगडी वाटेला) एकट्याने न हलणारे दगड वापरा आणि खालच्या काठाला एक खोल गाडलेली रांग द्या; रपटा नेहमी खालून उखडतो.

काळी माती शक्यतो टाळाच. टाळता आली नाही तर उभ्या दगडांचं सोलिंग (खाली रचलेला दगडांचा थर), वर १५ सेंटीमीटर मुरूम, दोन्ही बाजूंना नाली. नुसता मुरूम टाकलात तर पावसाळ्यात तो पोटात जातो.

जीव सांभाळणं

दोन माणसांत तीन मीटर अंतर. एकाच उतारावर वर-खाली दोन गट कधीच नको. दगड सुटला की ओरडायचा शब्द टोळीच्या बोलीतलाच ठरवा आणि पहिल्या दिवशी सगळ्यांकडून म्हणवून घ्या. दगड उलटताना सब्बलीने पलीकडची बाजू आपल्याकडे उचला, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असलं तर ते आपल्यापासून दूर निघतं. आग्यामोहोळ दिसलं तर त्या परिसरात धूर नाही, घनही नाही.

सकाळी आठच्या आधी आणि पाचनंतर कुणी वाटेवर नको. वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त धरा. बोरीच्या आणि रायमुनियाच्या जाळ्यांत ते दिवसाही असतं, आणि वाकून एकटा काम करणारा माणूस त्याला अचानक सामोरा जातो. झाडोरा काढणारे दोघं कायम बोलत राहिले पाहिजेत.

साप चावला तर कापणं, आवळून बांधणं, चोखणं काहीच नाही. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, उचलून गाडीपर्यंत आणा आणि थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. भुमकाकडे (गावातल्या कोरकू वैदूकडे) जायचा आग्रह होईल. भुमकाला आधीच भेटून, तोही सोबत गाडीत बसेल असं ठरवून ठेवा. १०८ ला फोन लागेल ती जागा आधीच शोधा, कारण बहुतेक गावांत रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते. गाडी, चालक आणि भरलेली टाकी कामाच्या प्रत्येक दिवशी तयार हवी.

बिडीसाठी गवत खरवडून तीन मीटरचं उघडं रिंगण करा. जेवणाची चूल एकच, उठताना पाणी ओतून राख हाताने चाचपायची.

पहिला पाऊस

मृगात दोन चांगले पाऊस झाले की दोन माणसं पावडी घेऊन, पाऊस चालू असतानाच पूर्ण वाट फिरा. गाळाने भरलेल्या बसक्या जागा मोकळ्या करा आणि जिथे पाणी दोन मीटरहून जास्त वाटेवरून धावतंय तिथे खुंटी मारा. वळणं टाळून लोकांनी पाडलेल्या आडवाटा बोरीच्या काट्यांनी बंद करा, पण काट्यांच्या मागे मोठे दगडही टाका. नुसता काटा गुराखी दुसऱ्या दिवशी चुलीला नेतात. पोळ्याच्या सुमाराला पुन्हा एक फेरी. खुंट्यांची यादी तासणाऱ्या माणसाकडे द्या, दिवाळीनंतर काम तिथूनच सुरू होईल.