मागाच्या शेजारी स्टुडिओ बांधायचा तर

बेळगावात विणकरांच्या वडगाव-शहापूरकडं घर असेल तर स्टुडिओची तयारी सिमेंट आणण्याआधी कानानं करायची. ज्या खोलीत रेकॉर्डिंग करणार, तिथं वही घेऊन एक अख्खा दिवस बसा. कुणाचा कापड विणायचा माग कितीला सुरू होतो, नळाला पाणी आलं की कुणाची मोटर घुमते, वेळेसकट लिहून काढा. मग भिंतीला तळहात लावा. थरथर लागली तर आवाज नुसता हवेतून येत नाही, जमिनीतून चढतोय. तिथं फोमचा काही उपयोग नाही. मी आधी तेच केलं. सहा हजारांचा काळा फोम चारी भिंतींना चिकटवला, खोलीतला घुमारा गेला आणि शेजारचा माग पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागला! अंड्यांच्या ट्रेचं तर नावच काढू नका.

तेव्हा पैसे काढण्याआधी शेजारच्या अण्णांकडं चहाला जा. मागाच्या पायांखाली जाड रबरी पॅड बसवायचा खर्च आम्ही देतो म्हणा. आमच्या अण्णांना वाटलं माग हलेल, कापड बिघडेल. शेवटी एकाच मागाला लावून बघू म्हणाले. माझ्या सगळ्या खर्चात एवढा वसूल झालेला दुसरा खर्च नाही.

खोली तळमजल्यावरची घ्या. पत्र्याखालची तर नकोच, जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस रेकॉर्डिंगमध्ये फुकटचा ताशा वाजवतो. लांबी, रुंदी, उंची सारखी असलेली खोलीही टाळा. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की साधारण ५६ हर्ट्‌झचा खर्ज तिथं उभा राहतो, आणि छतही दहा फुटांवर असेल तर तोच आणखी फुगतो.

भिंत जांभ्याची असेल तर आधी दोन्ही बाजूंनी गिलावा करा, कारण त्या दगडाच्या भोकांतून आवाज पाझरतो. त्यावर नुसती जाडी वाढवत बसू नका. वजन दुप्पट केलं तर जेमतेम ६ डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला १० लागतात. त्यापेक्षा खोलीत खोली करा. जुन्या भिंतीपासून दोन-चार इंच सोडून वेगळी फ्रेम उभी करायची, पोकळीत ४८ किंवा ६४ घनतेचं (घनमीटरला तेवढे किलो) रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरायचं आणि खोलीच्या बाजूनं साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांध्यावर सांधा न येऊ देता. फ्रेम जुन्या भिंतीला कुठंच शिवता कामा नये. सुताराला हे पटत नाही, तो प्रेमानं एखादा खिळा आरपार ठोकतोच, आणि त्या एका खिळ्यातून थरथर आत येते. काम चालू असताना तिथंच उभे राहा.

फटींसाठी मी एकच कन्नड वाक्य दिवसभर म्हणत होतो, ‘संदी बिडब्याड्री’, म्हणजे फट सोडू नका. भिंतीचा शंभरावा भाग उघडा राहिला तरी बाकीची भिंत कितीही भारी असो, २० डेसिबलच्या पुढं अडवत नाही. दार भरीव आणि जड घ्या, चौकटीला चारी बाजूंनी रबर, खाली उंबरा. मग दार लावून पंखा बंद करा आणि कडेकडेनं उदबत्ती फिरवा. आमच्याकडं बिजागरीपाशी धूर सुतासारखा बाहेर ओढला गेला. स्विचबोर्डाच्या मागच्या वायरींच्या भोकाशीही तेच. दोन्हीकडं सिलिकॉन भरलं.

इतकी बंद खोली झाली की दोन माणसांत तासाभरात जीव गुदमरतो. हवेसाठी आतून रॉकवूल लावलेली, दोन-तीन वळणांची पेटी आधीच नकाशात धरा. नंतर भिंत फोडायला जीव होत नाही. स्प्लिट एसी टेकच्या, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या, वेळी बंदच ठेवायचा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, नाहीतर ५० हर्ट्‌झची गुणगुण प्रत्येक टेकमध्ये येईल.

काम दिवाळीनंतर काढा आणि गिलावा नीट वाळू द्या. ओल्या भिंतीपुढं रॉकवूल कोंबलं तर पहिल्याच पावसाळ्यात कुबट वास येतो. कंडेन्सर माइक, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा नाजूक माइक, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात. सुरुवातीला तर डायनॅमिक माइकच घ्या, तो लांबचं कमी उचलतो.

आत आवाज शोषणारे पॅनेल कुठं लावायचे ते स्पीकर आल्यावर ठरवा. खुर्चीत बसा, दुसऱ्याला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, जिथं स्पीकर दिसेल तिथं पॅनेल. चार इंच जाडीचं आणि भिंतीपासून थोडं सुटं. कोपरे जाड भरा, खर्ज तिथंच साचतो.

आणि वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र कॅलेंडरवर लाल करून ठेवा. त्या रात्रीच्या ढोल आणि बेसपुढं ही भिंतही हात टेकते, तेव्हा कुणाला तारीख देऊ नका.