जुना कोठा पाडायचाय? ठेकेदाराला बोलावण्याआधी लाकूड मोजा

नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर, मौदा, उमरेडकडे अनेक घरांमागे गुरांचा रिकामा कोठा उभा असतो. पाडायचं ठरलं की ठेकेदार येतो, एक फेरी मारतो आणि म्हणतो, "पाडायचे इतके द्या, मलबा मी नेतो." त्या मलब्यात तुमच्या आजोबांनी घातलेलं सागवान असू शकतं. म्हणून आधी मोजमाप, मग भाव.

प्रत्येक मयाल (छपराची तुळई) आणि खांब मोजा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या. तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागलं की घनफूट निघतात. १० फुटी, ६ बाय ६ इंचांचा खांब म्हणजे अडीच घनफूट. वाळवी लागलेला भाग वजा करा. शाबूत कवेलू (छपराची कौलं), जोत्याचा काळा दगड, दारं यांची यादी करा, फोटो काढा. जुनं लाकूड घेणाऱ्या दोघातिघांना भाव विचारा. लाकूड चांगलं निघालं, तर पाडण्याचा खर्च त्यातूनच सुटू शकतो. सागवान गावाबाहेर न्यायचं असेल, तर वाहतूक परवान्याचं वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

आता किमान तीन ठेकेदारांना जागेवर बोलावा. फोनवरचा भाव धरू नका. कसं पाडणार, हे प्रत्येकाला विचारा. "जेसीबी लावतो, दुपारपर्यंत मोकळं" म्हणणाऱ्याच्या हाती कवेलू आणि लाकूड दोन्ही फुटतात. आधी कवेलू, मग फाटे, मग मयाल, शेवटी भिंती, असं वरून खाली हातांनी उतरवणारा माणूस निवडा. मजुरांचा विमा आहे का, हेही विचारा; भिंत अंगावर पडली तर जीव जातो.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर जास्त जपा. त्यांत बहुतेकदा ॲस्बेस्टॉस असतं, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असे बारीक तंतू. पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवायचे. मजुरांना चांगले मास्क द्यायचे.

करार ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर करा. लाकूड कुणाचं, मलबा कुठे टाकणार, पाया खणणार की नाही, शेजारच्या भिंतीला तडा गेला तर भरपाई कोण देणार, सगळं लिहून घ्या. खड्डे मुरमाने थराथराने दाबून भरण्याची अट विसरू नका. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. तशाच बुजवलेल्या खड्ड्यावर पुढचं बांधकाम खचतं. आगाऊ रक्कम थोडीच द्या, शेवटचा हप्ता जागा साफ झाल्यावर.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यातल्या उन्हात माणसं छपरावर चढवणं बरं नाही आणि पावसात मातीच्या भिंतीचा भरवसा नसतो. महावितरणकडे लेखी अर्ज देऊन वीज आधी तोडून घ्या. कडब्यात नाग किंवा मण्यार दिसला तर सर्पमित्राला बोलवा. आढ्याला गव्हाणी घुबडाची पिल्लं असतील, तर ती उडेपर्यंत थांबा.

भिंतीची माती फेकू नका, शेतात पसरा.

शेवटी ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना ८ मधली (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीतली) कोठ्याची नोंद कमी करून घ्या, नाहीतर कराची आकारणी चालूच राहील.